डावा खांदा

खोगिराच्या रिकिबीच्या पट्ट्याचं पितळी बक्कल गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचत होतं, आणि संपदाला वाटलं, एवढं निमित्त पुरे आहे – पट्टा नीट करते म्हणून खाली उतरावं आणि मग परत चढूच नये... पण ती उतरली नाही. वाकून तिनं बक्कल थोडं वर सरकवलं. तेवढ्यानंही दिलावरचा एक कान मागे, तिच्याकडे वळला.

परका घोडा. करड्याचा पांढरा होत चाललेला, पुण्यात कितीतरी जणांना शिकवता शिकवता म्हातारा झालेला. पोलिसांच्या अश्वदलातून निवृत्त झालेल्या नेमसिंगांनी आखाडा बाळापूरच्या अलीकडे आपल्या शेतात रेती टाकून रिंगण केलं होतं, आणि मागच्या महिन्यात ते याला तिथं घेऊन आले होते. संपदा हिंगोलीच्या कोर्टात वकिली करायची. रविवारी सकाळी इथं येऊन आपल्या काजळ घोडीवर ड्रेसाज शिकायची. घोड्याला न ओढता, न मारता, नुसत्या बसण्यातून चालवायचं... निदान तसं म्हणतात. काजळ मात्र कायम डावीकडे जायची. स्पर्धेतही मधली सरळ रेषा तिला धरता आली नव्हती, आणि संपदा बाहेर आली तेव्हा तिला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं, फक्त कुठेतरी आडवं व्हावंसं वाटलं होतं.

"घोडीचं नंतर बघू," नेमसिंग म्हणाले होते. "आधी याच्यावर बसा. हा शिकलेला आहे."

तिनं टाच लावली. दिलावर निघाला – आणि चार पावलांत डावीकडे. तिनं उजवा लगाम आवळला. त्यानं मान निमूट उजवीकडे वळवली आणि अंग तसंच डावीकडे नेत राहिला. पुन्हा. पुन्हा तेच. शेजारच्या शेतात हळद शिजत होती, तिची ओली, मातकट वाफ नाकातोंडात जात होती, आणि संपदाला या घोड्याचा, रविवारचा, स्वतःच्या हौसेचा एकदमच कंटाळा आला.

"हाही ओढतोच की, नेमसिंगजी!"

"ओढून न्हाई राहिला तो. ऐकून राहिला."

"कुणाचं?"

"तुमचं. तुमी त्याला डावीकडं चल म्हणून राहिल्या, मॅडम."

"मी? मी तर उजवीकडे..."

"हातानं उजवीकडं. बसण्यातून डावीकडं. तुमचा सगळा भार तिकडंच हाय." ते जवळ आले, तिच्या कमरेकडे बघत उभे राहिले. "त्या बाजूला कधी तकलीफ झाली होती का? पडल्याबिडल्या?"

"नाही," ती म्हणाली. कोर्टात म्हणावं तसं, लगेच.

पडली नव्हती. पडू दिलं नव्हतं... सासूबाईंचा पलंग भिंतीला लागून होता, एकाच अंगानं जवळ जाता यायचं, मग डावा पाय रोवायचा, वाकायचं, त्यांचा तो गार हात आपल्या डाव्या खांद्यावरून घ्यायचा आणि त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं – सकाळी, दुपारी कोर्टातून धावत येऊन, संध्याकाळी – आणि दर वेळी कानाशी, "सोडू नकोस गं," आणि दर वेळी, "नाही सोडत, आई." मग त्याच खांद्यावर काळा कोट. इतकी वर्षं. दिवाळीनंतर त्या गेल्या. भेटायला येणाऱ्या बायका हळूच म्हणाल्या, सुटलीस. नवऱ्यानं, अनिरुद्धनं, आठवड्याच्या आत पलंग हलवला आणि म्हणाला, आता तू झोप काढ. तिनं झोप काढली. पुष्कळ काढली. दमणूक उठून गेली नाही. घरात राहायला आलेल्या माणसासारखी तिथंच बसून राहिली. आणि रडू? ते कधी यायचं होतं, कुणास ठाऊक.

"उजव्या बाजूनं बसा," नेमसिंग म्हणत होते. "लाकडी खुर्चीत बसल्यावर हाड टोचतं ना, ते उजवं हाड खोगिराला लागू द्या."

ती सरकली. थोडीशीच. सगळं जग उजवीकडे कलंडलं.

"मी पडतेय!"

"न्हाई पडत. आत्ता कुठं मधी आल्या. लगाम ढिला सोडा... चला."

दिलावरनं श्वास सोडला. त्याची पाठ तिच्याखाली किंचित वर आली आणि तो निघाला – रिंगणाच्या मधोमध, दोरी ताणावी तसा सरळ. तिनं काहीच धरलं नव्हतं. इतकं सोपं होतं हे? सोपं होतं, आणि भयंकर होतं. कारण डाव्या खांद्यावर काहीच नव्हतं. तिथं हवा लागत होती. आपण कुणाला तरी मध्येच सोडून दिलं, असं तिला वाटलं, आणि तरी घोडा शांतपणे सरळ चालला होता, जणू यात अपराध असा काही नव्हताच.

"हां, बराबर! असंच राहू द्या," मागून आवाज आला.

राहिलं नाही. वळणावर तिचं अंग आपोआप डावीकडे झुकलं, आणि दिलावरही लगेच, तक्रार न करता, तिकडे झुकला. पण या वेळी झुकताना तिला कळलं. महिनोन् महिने अंगभर पसरलेला तो शिणवटा आता एका ठिकाणी येऊन थांबला होता. खांद्याच्या खाली, बोट ठेवून दाखवता येईल इतका नेमका.

नेमसिंग काहीतरी ओरडून सांगत होते. सरळ बसणं आता तिच्या हातात होतं. ती अजून थोडा वेळ तशीच, कललेली, चालत राहिली.