चांगल्या अंधाराची जागा

"इथंही दिवा आहेच की," स्कूटरच्या मागच्या सीटवरून बायको म्हणाली.

"आहे म्हणजे? मीच लावलाय!" वायरमन खेकसला आणि त्याने गाडी पुन्हा वळवली.

नगरपालिकेचे रस्त्यावरचे दिवे लावण्यात त्याची उभी हयात गेली होती. आता उल्कावर्षाव तोंडावर आला, तर त्याच गावात अंधार शोधत वणवण फिरायची पाळी त्याच्यावर आली होती. मेव्हणीने मोठ्या कौतुकाने आपली गच्ची दाखवली, तर समोरच्या दुकानाच्या पाटीचा सगळा उजेड गच्चीवर. मैदानात झाडांनीच निम्मं आभाळ खाल्लं होतं. नदीकाठी धुकं. भाड्याचं घर शोधतानासुद्धा त्याचं डोकं एवढं उठलं नव्हतं. आणि प्रत्येक ठिकाणी बायको वर बघायची आणि म्हणायची, "नको. उजेड आहे इथं."

चिडून तरी काय करणार? तिच्या डोळ्यांचा पडदा सुकत चालला होता. आधी रात्रीचं दिसणं जाईल, मग बाकीचं, असं डॉक्टर म्हणाले होते. लहानपणी वडिलांशेजारी अंगणात पडून तिने तारे तुटताना पाहिले होते. ते तिला पुन्हा एकदा पाहायचं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हट्टाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

शेवटी उल्कावर्षावाच्या संध्याकाळी तो तिला पंपघरामागच्या माळावर घेऊन आला. झाड नाही, भिंत नाही, धुकं नाही. एकच खांब, आणि त्यावरचा दिवा कधीचा बंद. तक्रार आली होती, पण त्याला सवडच झाली नव्हती. आज पहिल्यांदा त्याला आपल्या चालढकलीचा अभिमान वाटला. दिवस मावळला, बघता बघता काळोख दाटला.

"ती बघ चांदणी! पंपघराच्या बरोबर वर."

"हो, किती छान," ती म्हणाली. तिचं तोंड मात्र भलतीकडेच होतं.

वायरमनने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "डोंबल छान! कुठं बघतेयस? कधीपासून दिसत नाही तुला?"

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "वाटायचं, दिव्यांमुळेच दिसत नसेल. पुरता अंधार मिळाला की दिसतील."

 त्याला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि नेमकी तेव्हाच पंपघराच्या राखणदाराची बायको बॅटरी घेऊन लगबगीने आली.

"आलात एकदाचे वायरमनदादा! बरं झालं. परवाच सासूबाई इथं पडल्या, पाय प्लॅस्टरात आहे. लावताय ना दिवा?"

"सुट्टी आहे माझी. येईन पुढच्या आठवड्यात."

"तुमचा पुढचा आठवडा आम्हाला चांगला माहीत आहे!"

"लावा ना," त्याची बायको हळूच म्हणाली.

"अगं, एवढी चांगली जागा सापडली..."

"पाय कुठं टाकायचा ते कळत नाही ना, तेव्हा फार भीती वाटते हो. लावा."

राखणदाराच्या बायकोने शिडी आणली. खाली बटण बंद केल्याची खात्री करून, गाडीच्या डिकीतला पेचकस खिशात घालून, पुटपुटत तो वर चढला. बॅटरी दातांत धरून त्याने झाकण उघडलं. होल्डरमधली वायर निसटली होती. काम चुटकीसरशी होणारं होतं. वायर घट्ट बसवून त्याने बॅटरी विझवली, आणि सहज त्याची मान वर गेली. सबंध आभाळ खच्चून भरलं होतं. इतके खांब चढला, पण नजर कायम होल्डरवरच. एक तारा सर्रकन तुटून माळापलीकडे गेला.

"काय हो, आहेत का पुष्कळ?" बायकोने खालून विचारलं.

"आहेत," तो कसाबसा म्हणाला. "पुष्कळ आहेत गं."

"बघून घ्या मग नीट. घाई नाही."

तो बघत राहिला. पण एकट्याने बघवेना. त्याने राखणदाराच्या बायकोला हाक मारली, "दाबा बटण!"

लख्ख उजेड पडला. वर आता त्यालाही काही दिसेना. खाली त्याच्या बायकोने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती.

"सावकाश उतरा," ती म्हणाली. "मी धरलीय."