कालिरोईपाशी उरलेला शब्द

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही आणि माझी सावलीही पडत नाही. मी एक शब्द आहे, फार जुना. इथे ग्रीसच्या खिओस बेटावर मला नेरांजी म्हणतात. नेरांजी म्हणजे कडू नारिंग.

माझं मूळ तुमच्याकडचंच. दक्षिणेतल्या कुठल्याशा बोलीतून मी संस्कृतात आलो आणि नारंग झालो. मग इराणी व्यापाऱ्यांच्या तोंडी बसून पश्चिमेला निघालो, अरबांबरोबर समुद्र ओलांडला. स्पेनमध्ये नारान्हा झालो. पोर्तुगालमध्ये माझा पहिला न गेला आणि त्या जागी ल आला. इटलीत तर तोच न नुसताच कुठे गळाला, ते झोपेत दात पडावा तसं मला कळलंही नाही. फ्रान्सच्या लोकांना माझ्यात त्यांचं 'ओर', म्हणजे सोनं, ऐकू आलं आणि मी ओरांज झालो. हॉलंडात फळाला 'चीनचं सफरचंद' म्हणू लागले आणि मी नुसता रंग होऊन राहिलो. ग्रीसमध्ये पुढे गोड फळ आलं, तर त्याला पोर्तुगालचंच नाव मिळालं. कडू तेवढं माझ्या वाट्याला राहिलं.

पण इथल्या बायकांनी मला कडू राहू दिलं नाही. त्या सालीच्या गुंडाळ्या करून सुईने दोऱ्यात ओवतात, पाणी बदलत बदलत उकळतात आणि पाकात सोडतात. पाहुणा आला की बशीत एक गुंडाळी आणि शेजारी गार पाण्याचा पेला. त्यांतल्या कालिरोईच्या स्वयंपाकघरात माझे सर्वांत चांगले दिवस गेले. माळा ओवताना ती मला गुणगुणायची.

एका सकाळी ती अंगणात कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा तिचे सगळे शब्द गेले होते, एकटा मी उरलो होतो. तिची मुलगी इवान्थिया अथेन्सहून आली. ती शाळेत भाषा शिकवायची. आईच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

कालिरोईला तहान लागली की ती नेरांजी म्हणे. उशी सरकली तरी नेरांजी. आजारी बाईला मुरंबा खावासा वाटतोय म्हणून शेजारणी बरण्या आणत राहिल्या. फळी भरली. कालिरोई बशी दूर सारायची.

"नेरांजी नव्हे, आई. पाणी. म्हण बघू," इवान्थिया सांगायची. कालिरोई भिंतीकडे तोंड फिरवायची.

वसंतात अंगणातलं झाड फुललं आणि घर वासाने इतकं भरलं की बोलणंही हळू झालं. त्या दुपारी कालिरोईने मला उच्चारलं, अगदी मऊ आवाजात. इवान्थिया बशी घेऊन आली. शेजारच्या मारुको मावशी उंबऱ्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आता आणखी एक बरणी उघडलीस, तर ती तुझ्याच डोक्यावर ओतीन," त्या म्हणाल्या.

"मग हवंय काय तिला, मावशी?"

"तू खोलीबाहेर गेलीस की ती नेरांजी म्हणते. तू आलीस की गप्प होते. हाक मारतेय ती तुला, मास्तरीणबाई. ओ दे की."

इवान्थियाने बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "ओ, आई."

कालिरोई हसली. थोड्या वेळाने, काही काम नसताना, तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत दोघींचं तेवढंच चाललं होतं. इतके देश फिरलो, फळ झालो, रंग झालो, पण कुणाची मुलगी मी तोवर झालो नव्हतो.

झाडाला फळं धरली, पण ती पिकण्याआधीच कालिरोई गेली. आता इवान्थिया माळा ओवते. मला उच्चारत नाही. पण कधी वाऱ्याने दार हललं, तर सुई थांबते आणि ती हळूच ओ देते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी भलत्याच शब्दाने हाक मारली, तर शब्द सुधारत बसू नका. आम्ही शब्द थांबू शकतो. तुम्ही आधी ओ द्या.