लाल खोपट्याचा डावा कोपरा

एव्हर्टने आपलं खोपटं पाडलं, यावर मी बोलायचं खरं तर काही कारण नव्हतं. खोपटं त्याचं, काठ त्याचा, पहार त्याची. पण जूनमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी आठवडाभर शहरात काय गेले, परत येऊन खिडकीतून तळ्यापलीकडे बघते तर लाल खोपट्याच्या जागी नुसतं गवत! हातातली कॉफी सिंकमध्ये सांडली. नवरा सोडून गेला होता तेव्हासुद्धा मी कॉफी संपवूनच उठले होते.

कारण सांगते. आमच्या तळ्यात शेवंडी आहेत. समुद्रातली ती थोराड शेवंड नव्हे. ही गोड्या पाण्यातली, वीतभरसुद्धा नसलेली, काळपट आणि कायम भांडणाच्या पवित्र्यात. ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सापळे टाकायची मुभा मिळते आणि शनिवारी स्वीडनमधलं आमचं अख्खं स्मोलांड डोक्याला कागदी टोप्या घालून अंगणात बसतं, शेवंडी चोखतं आणि बेसूर गातं. दर घराला सापळे सहाच. ते कुठे टाकायचे हे मात्र ज्याचं त्याला ठाऊक. आमच्याकडे माणसं एकमेकांना ऑपरेशनचे टाके दाखवतील, पेन्शनचा आकडा सांगतील, पण शेवंडींची जागा सांगणार नाहीत. माझा नवरा, रूने त्याचं नाव, एकोणीस वर्षं विचारत होता. मी सांगितली नाही. घटस्फोटाच्या वेळी त्याने वकिलाला हे पहिलं कारण म्हणून दिलं आणि वकील, जो आमच्याच तळ्याकाठचा होता, म्हणाला की यात बाईंची काही चूक दिसत नाही.

जागा माझ्या वडिलांची. मी अकरा वर्षांची असताना त्यांनी मला ती दाखवली. माझ्या धाकट्या बहिणीला, मायलिसला, नाही दाखवली, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. तळ्याच्या मध्यावर तीन पुरुष खोल एक खडकाळ उंचवटा आहे, आमच्या स्वयंपाकघराएवढा. सगळीकडे गाळ, आणि तेवढाच एक धोंड्यांचा ढीग, फटीफटींत शेवंडी. होडीभर अंतर चुकलं की गेलं सगळं गाळात. आणि तो सापडायचा कसा? दोन रेषांनी. चर्चचा कळस बेटावरच्या उंच पाइनच्या बरोब्बर मागे यायला हवा, ही एक रेषा. काठावरचा पांढरा धोंडा एव्हर्टच्या लाल खोपट्याच्या डाव्या कोपऱ्याखाली यायला हवा, ही दुसरी. दोन्ही जुळल्या की सापळा सोडायचा. वडील गेल्यापासून अडतीस वर्षं मी हेच करत आले.

"मग फोनमध्ये खूण करून ठेवायचीस ना आधी, गुनवोर," मायलिस म्हणाली. तिला एवढंच कळलं होतं की जागा हरवली आहे. कशी, ते सांगायला मी काही वेडी नव्हते.

"फोनमध्ये ठेवलेली गोष्ट गुपित राहते का कधी?"

"आता राहिलंय बघ. तुझ्यापासूनसुद्धा."

अख्खा जुलै मी मासे धरायचं सोंग करून दोरीला ओळंबा बांधून तळं चाचपत होते. गाळ. गाळ. पुन्हा गाळ. एकदा टणक लागलं म्हणून आनंदाने ओरडले, तर ती कुणाची तरी जुनी सायकल निघाली. इकडे शनिवारी सोळा माणसं माझ्याकडे जेवायला येणार होती, दर वर्षी येतात. पण सोळा जणांचं काय, त्यांना पिझ्झा घातला असता. वडिलांनी माझ्या हाती दिलेली ती एकच गोष्ट होती आणि ती माझ्या हयातीत पाण्यात गेली, या विचाराने मला रडू यायचं. आणि मी रडणाऱ्यांतली नाही, तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे मी.

उपाय एकच होता. खोपट्याचा डावा कोपरा नेमका कुठे होता हे एव्हर्टला विचारायचं. पण तसं विचारायचं म्हणजे जागाच सांगून टाकायची! एव्हर्ट मुका आहे, खुळा नाही. म्हणजे तसा मुकाही नाही, पण दिवसाला बारा शब्द बोलतो आणि त्यातले चार मधमाश्यांशी. शाळेपासूनची ओळख. आयुष्यभर आईची सेवा करत राहिला, लग्न केलं नाही, आई दोन वर्षांपूर्वी गेली. आमचं नातं हात हलवण्याचं. मी होडीत, तो काठावर, तो हात हलवणार, मी हात हलवणार, संपलं.

मग मी बहाणे शोधले. पहिल्यांदा गेले ते चित्रकलेची वही घेऊन.

"तुझ्या खोपट्याचं चित्र काढावं म्हणते. आठवण म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "खोपटं पडलं."

"ते दिसतंय मला. म्हणूनच तर आठवण. कुठून कुठवर होतं साधारण?"

"इथेच," म्हणाला आणि हाताने एवढा मोठा वळसा घातला की त्यात चर्चसुद्धा आलं असतं. "कॉफी घेणार?"

"पाडलंस कशाला पण?"

"कुजलं होतं."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सांगितलं की लहानपणी तिथे माझं कानातलं हरवलं होतं. तो लगेच गुडघ्यांवर बसून गवत चाचपायला लागला आणि मलाही बसावं लागलं, नव्या गुडघ्यासकट. अर्धा तास आम्ही दोघं म्हाताऱ्या शेळ्यांसारखे गवतात. तिसऱ्यांदा दालचिनीचे बन होते, घरी केलेले, जरा करपलेले. चौथ्यांदा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाचव्यांदा मी काय बहाणा केला ते आठवतच नाही. मला वाटतं केलाच नाही. आम्ही पायरीवर बसून मध चाखला आणि तो त्या दिवशी चक्क चाळीसेक शब्द बोलला. परतताना मी वल्ही मारता मारता गात होते, आणि घराच्या धक्क्यावर मायलिस कमरेवर हात ठेवून उभी.

"सापडली का तुझी जागा?"

"नाही."

"मग गातेस कशाला गं?"

"माझं तोंड आहे."

"तोंड लाल झालंय. उन्हाने असेल," ती म्हणाली, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या गावाला कळलं असणार याची मला खात्री पटली.

शुक्रवार उजाडला. पावणेपाचला मी होडी काढली. सहा सापळे, बादलीत माशांचे तुकडे. आजूबाजूला सगळ्या घरांच्या होड्या निघालेल्या, सगळे एकमेकांना मोठ्याने हवापाणी विचारतायत आणि दुसरा कुठे जातोय ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतायत. कळस पाइनच्या मागे आणला. पहिली रेषा पक्की. मग त्या रेषेवर पुढे मागे, पुढे मागे. समोर काठ नुसता हिरवा. डोळे ताणून खोपटं आठवायचा प्रयत्न केला, पण आठवणीतलं खोपटं दर वेळी निराळ्या जागी जाऊन बसायचं. पाच वाजले. चर्चची घंटा झाली. चोहीकडे सापळे पाण्यात पडल्याचे आवाज, आणि मी बादली घेऊन मध्ये बसलेली.

तेवढ्यात काठावर एव्हर्ट आला. अंगात लाल रेनकोट. पाऊस नव्हता, आठवडाभर नव्हता. खांद्यावर शिडी. त्याने शिडी गवतात रोवली, जरा डावीकडे सरकवली, पावलं मोजली, आणखी वीतभर सरकवली. मग वर चढला, ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात खाली सरळ सोडले. लाल, उभा, खोपट्याच्या कोपऱ्यासारखा. पांढरा धोंडा त्याच्यापासून खूपच उजवीकडे दिसत होता, म्हणून मी वल्हं मारलं. अजून एक. धोंडा हळूहळू सरकत त्याच्या पायांखाली आला.

मी ओळंबा सोडला. टक्.

त्या आवाजाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी डोक्यात संताप गेला. याला माहीत आहे! सहाही सापळे मी कसेबसे सोडले आणि अशी वल्हवत सुटले की होडी त्याच्या काठावर अर्धी गवतात गेली.

"कधीपासून?"

तो शिडीवरून सावकाश उतरला. "काय?"

"काय काय करतोस! जागा कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुझे वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून."

"चोरून बघत होतास?"

"चोरून कशाला? माझ्याच काठावर उभा राहून. तू दर ऑगस्टला होडीतून माझ्याकडे टक लावून बघायचीस. मला वाटलं, माझ्याकडेच बघतेस." तो थांबला. एवढं लांब वाक्य त्याला झेपलं नव्हतं. "मग एका वर्षी मी मुद्दाम उजवीकडे सरकून उभा राहिलो. तरी तू खोपट्याच्या डाव्या कोपऱ्याकडेच बघत होतीस."

मला हसायचं नव्हतं. मी हसले. हसता हसता होडीच्या कडेवर बसावं लागलं. तोही हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत.

"आणि तिथे एकदाही सापळा टाकला नाहीस?" मी विचारलं. एव्हर्टच्या सापळ्यांची गावभर थट्टा होती. दर वर्षी तो माझ्या अंगणात येताना नऊ नाहीतर दहा मरतुकड्या शेवंडी घेऊन यायचा आणि सगळे म्हणायचे, एव्हर्टने यंदा पण बाजारातून आणल्या का बघा.

"ती तुझी जागा," तो म्हणाला, जणू मी त्याला दोन आणि दोन किती ते विचारलं होतं.

सकाळी सहाला त्याला होडीत घेतलं. वडिलांनंतर माझ्या होडीतून त्या जागी आलेला पहिला माणूस. त्याने कागदी टोपी आतापासूनच घातली होती, हनुवटीखाली रबर लावून, अगदी गंभीर चेहऱ्याने. पहिला सापळा ओढला तर हाताला वजन लागलं, आणि वर आला तेव्हा आत नुसत्या नांग्याच नांग्या, एकमेकींना ढकलत खडखडणाऱ्या. दुसरा तसाच. तिसरा मी उत्साहाच्या भरात उलटा धरला आणि पंचवीस शेवंडी होडीच्या तळाशी पसरल्या. एकीने एव्हर्टची पँट धरली, घोट्याच्या जरा वर, आणि तो माणूस ज्याने साठ वर्षं आवाज चढवला नव्हता तो असा किंचाळला की बेटावरचे पक्षी उडाले. होडी डुचमळली. मी एका हाताने लहान शेवंडी परत पाण्यात टाकत होते आणि दुसऱ्या हाताने त्याची पँट सोडवत होते. आजूबाजूच्या होड्यांमधून कुणी काय पाहिलं आणि काय समजलं ते मला माहीत नाही, आणि मला फिकीरही नव्हती.

दुपारपर्यंत मोठ्या पातेल्यात मीठ, बिअर आणि फुलावर आलेल्या शेपूच्या जुड्या उकळल्या, काळ्या शेवंडी लाल झाल्या आणि त्याच पाण्यात निवत ठेवल्या. सोळा माणसांना टेबल पुरेना. एव्हर्ट म्हणाला, त्याच्याकडे फळ्या आहेत, आणि दोन खेपांत होडीतून घेऊन आला. सुताराच्या लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, वर कागद, की झालं टेबल. मी एक उचलली. जड होती. बोटाने ठोकली, तर खणखणीत वाजली. कापलेल्या कडेला अजून राळेचा वास होता.

"एव्हर्ट."

"हं."

"कुजलं होतं म्हणाला होतास."

तो कंदिलाची दोरी बांधत होता, ती बांधतच राहिला. मी फळी उलटी केली. मागे सुताराच्या पेन्सिलने, नीट अक्षरात लिहिलं होतं: डावा कोपरा, खालून तिसरी. दुसरी बघितली: डावा कोपरा, खालून चौथी. प्रत्येक फळीवर होतं.

"हे काय आहे?"

"चार दिवस लागले पाडायला," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "फार मजबूत होतं. अडतीस वर्षं नुसता हात हलवत होतो, गुनवोर. आई गेल्यावर वाटलं, खोपटं नसलं तर तुला यावं लागेल. विचारायला."

"आणि मी आले नसते तर? माझी जागा गेली असती! वडिलांची जागा!"

"गुरुवारपर्यंत वाट बघणार होतो. मग रात्रीतून परत उभं करणार होतो. म्हणून आकडे."

मायलिस खुर्च्या घेऊन येत होती, ती वाटेतच थांबली. मला खूप काही सुनवायचं होतं. महिनाभर मी गाळ उपसला होता, सायकल काढली होती, नव्या गुडघ्यावर गवतात रांगले होते. तोंड उघडलं, तर शिवी येईना. हातातली फळी मी आकडा वर करून घोड्यावर ठेवली.

"सोमवारी उभं करायला घ्यायचं," मी म्हणाले. "होतं त्याच जागी, इंचभर इकडे तिकडे नाही."

त्याचा चेहरा पडला. "बरं. पण मी उभा राहीन ना शिडीवर. दर वर्षी."

"शिडीवर तू नसणार. तू होडीत असणार. मग काठावर खूण म्हणून कोण उभं राहणार, मायलिस?"

त्याला समजायला जरा वेळ लागला. मायलिसला लागला नाही. तिने खुर्च्या तिथेच टाकल्या आणि फोन काढला.