पाय टेकेनात, पण रंग जुळला

मी एक स्कूटर बोलतेय. लाल, उंच, जड. माझ्यात तशी काही खोट नाही. खोट आहे ती मला निवडणाऱ्या थोर माणसांच्या डोक्यात.

कान थो शहरातल्या दुकानात माझ्याशेजारी एक बुटकी, हलकी, पांढरी स्कूटर उभी होती. थोआ आली ती थेट तिच्यावरच बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि पोरगी हसली. मासळीच्या कारखान्यात ती कामाला. ट्रकांच्या गर्दीतून रोजची ये-जा. सिग्नलला थांबल्यावर पाय टेकावेत, एवढीच तिची मागणी.

"उतर," तिचे बाबा म्हणाले. इथे प्रत्येक जन्मवर्षाला एक प्राणी आणि एक तत्त्व असतं, आणि तत्त्वावरून लाभणारा रंग ठरतो. "तुझं जन्मवर्ष वाघाचं. म्हणजे तुझं तत्त्व माती. मातीला आग पोसते. लालच घ्यायची."

"बाबा, ती उंच आहे. माझे पाय हवेत लोंबतात."

"सवयीने पोचतात पाय!"

सोबत आलेली आजी म्हणाली, "जरा टाचेचे बूट घाल की गं." दिवसभर ओल्या फरशीवर रबरी बुटांत उभ्या राहणाऱ्या पोरीला हा सल्ला! पगार थोआचा, अक्कल या दोघांची. मी घरी आले.

पहिल्याच आठवड्यात पुलाच्या चढावर सिग्नल लागला. थोआने पाय खाली सोडला, पण तो जमिनीला लागलाच नाही. आम्ही दोघी आडव्या. मागचा ट्रक करकचून थांबला. त्याचं चाक तिच्या हेल्मेटपासून हातभर लांब होतं.

इथे गाड्या घरात, पुढच्याच खोलीत लावतात. त्यामुळे संध्याकाळची पंचायत मला सगळी ऐकू आली. आजी एकदम किंचाळली, "अगं बाई! ही पोरगी तर नव्या वर्षाच्या सणाआधीची! मी चुलीवर सणाचा भात उकळत होते तेव्हा जन्मली. म्हणजे वाघ कुठला, रेड्याचं वर्ष!"

बाबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे तत्त्व पाणी! पाणी बसलं आगीवर! तरीच पडली!"

थोआ सोललेल्या कोपराला औषध लावत होती. "पाय पोचले नाहीत म्हणून पडले, बाबा."

"मोठी माणसं बोलतात तेव्हा मध्ये तोंड घालू नये."

पाण्याला पांढरा रंग मानवतो म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या अंगभर पांढरा चिकट कागद डकवला. उंची बोटभरही घटली नाही. बाबा खूश होऊन म्हणाले, "आता बघ कशी चालते!"

थोआने किल्ली त्यांच्या हातात कोंबली. "तुम्हीच बघा. तुमचे पाय पोचतात." आणि मैत्रिणीच्या मागे बसून ती कामावर गेली. पुढे तिने एक जुनी, बुटकी स्कूटर घेतली. एकटीने जाऊन, बसून बघून. ती रोज धडधाकट परत येते. त्या स्कूटरचा रंग ओळखू येऊ नये इतका उडालाय.

बाबा मला हात लावत नाहीत. त्यांचं तत्त्व लाकूड. पांढरं त्यांना बाधतं म्हणे.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, पोरीसाठी गाडी बघायला जाल तेव्हा तिला आधी बसू द्या. तिचे पाय बघा. आणि तेवढा वेळ, जमलंच तर, गप्प राहा.