चतकोर भाकर

मुदतीच्या तापाच्या माणसाला भाकरी द्यायची नाही, हे मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला तीन-तीनदा सांगते. माना सगळे डोलावतात. आणि माझी पाठ फिरली की कमरेच्या फडक्यातून भाकरी निघते. कुणी चटणी आणतं, कुणी सुकट. एकीने तर नवऱ्याच्या उशीखाली पुरणाची पोळी ठेवली होती. मी ती उचलून तिच्याच हातात दिली आणि म्हटलं, "काय गं, स्वतःच्या कुंकवावर उठलीस का?" झुंबरबाई, आमच्या वॉर्डाची आया, म्हणते माझं तोंड फार फटकळ आहे. असेल. गोड बोलून कुणी ऐकत असतं तर मीही गोड बोलले असते.

मी इंदुरीची. नवरा गेल्यावर भावाने मला पुण्याला नर्सचं काम शिकायला धाडलं, तेव्हा गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शालू आता परक्या माणसांचं हगणंमुतणं काढणार, म्हणे. काढते. शिकून झाल्यावर लोणावळ्याच्या या दवाखान्यात लागले, ती अजून इथेच आहे. खाटा अठरा, डॉक्टर एक, दिवसाची नर्स मी एकटी. माणसं आजाऱ्याबरोबर येतात आणि व्हरांड्यात पथारी टाकतात. त्यांना हाकलायला ना फाटक आहे ना शिपाई.

हा मुदतीचा ताप, डॉक्टरांच्या भाषेत टायफॉइड, काय करतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आतडं आतून सोलून निघतं, भिजल्या कागदासारखं पातळ होतं. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरायला लागतो. माणसाला वाटतं, सुटलो. मग भूक लागते, आणि ती भूक साधी नसते, मोठे मोठे बाप्ये लहान पोरासारखे रडतात. नेमकं तेव्हाच आतडं सगळ्यात नाजूक असतं. म्हणून फाडलेल्या दुधाचं पाणी, बार्लीचं पाणी, मोसंबीचा रस, बास. घरच्यांना वाटतं, दवाखाना माणसाला उपाशी मारतोय.

छत्तीस सालच्या भाद्रपदात सावळा ठाकर आपल्या पोराला घोंगडीच्या झोळीत घालून घेऊन आला. तुंगार्लीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. पोरगा हौशीराम, सतरा-अठराचा, एका शेठच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायचा. आठवड्याने सावळा पुन्हा आला तो धाकट्याला, कोंडूला, पाठीवर घेऊन. कोंडू आठ वर्षांचा. तोही तसाच तापलेला. आई त्यांची कधीच वारली होती, तेव्हा बापच आई. दोन्ही पोरांच्या खाटा मी शेजारी-शेजारी घातल्या आणि सावळा व्हरांड्यात राहिला.

फार बोलायचा नाही. सांगितलं की "व्हय बाई" म्हणायचा. मला वाटलं, चला, एक तरी शहाणा मिळाला.

हौशीरामचा ताप उतरणीला लागला आणि तो भाकरी मागू लागला. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला एका रेल्वेच्या खलाशाचा पाय बांधत होते. परत आले तर हौशीराम गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. अंगाला गार घाम. पोटावर हात ठेवला, तर पोट पाटासारखं कडक. चादरीवर नाचणीच्या भाकरीचा चुरा होता.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

त्याने चुरा तळहाताखाली झाकला.

"खरं सांग. ओरडणार नाही मी."

"चतकोर," तो म्हणाला. "बानं दिली. मीच मागितली, बाई." आणि मग माझं मनगट धरून म्हणाला, "बाला बोलू नका. भाकरीनं झालं म्हनून सांगू नका त्येला. त्यो मरंल."

"नाही सांगत."

"आन घ्या."

घेतली आण. त्या वेळी मी आणखी काय करणार होते?

डॉक्टर गुप्त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. आतडं फुटलं होतं. पोट उघडायचं तर पुण्याला न्यायला हवं, आणि गाडी स्टेशनात येईपर्यंतही तो टिकला नसता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला गेला. मी त्याला पुसलं, डोळे मिटवले, चादर बदलली. संध्याकाळी त्या खाटेवर दुसरा माणूस आला. मला रडायचं होतं, पण ते राहूनच गेलं.

हात धुताना मी डॉक्टरांना भाकरीचं सांगितलं. ते टॉवेलला हात पुसत म्हणाले, "शालूबाई, भाकरीनेच फुटलं असं छातीठोक सांगता येत नाही. नुसत्या दुधावर ठेवलेल्यांचंही फुटतं. कदाचित फुटायचंच होतं."

"आणि भाकरी दिली नसती तर?"

"कदाचित वाचला असता. कदाचित नसता."

"मग बापाला काय सांगायचं?"

"काही नाही. ताप विकोपाला गेला, एवढंच. खोटं नाही ते. त्याचा संसार आधीच बुडालाय, त्याला आणखी खाली कशाला ढकलायचं?"

मला हायसं वाटलं, उगाच नाही म्हणत नाही. पोराला दिलेली आणही राहत होती आणि ते सांगण्यातून मीही सुटत होते.

पोराला मूठमाती देऊन सावळा एक दिवस वाडीवर राहिला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत आला. डोळे कोरडे. काखेत फडकं. तो सरळ कोंडूच्या खाटेकडे निघाला. मी दारातच आडवी गेले.

"त्यात काय आहे?"

"भाकर," तो म्हणाला. लपवलीसुद्धा नाही.

"सावळा, काय सांगितलंय मी?"

"तुमी सांगितलं, आन मी ऐकलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पोरगा भाकर-भाकर करत व्हता, आन मी व्हय बाई, व्हय बाई करत बसलो. उपाशी मारला माजा हौशा. शेवटाला चतकोर पोटात गेली, तीबी उशिरा. आदी दिली असती तर जगला असता. कोंडूला मी तसा मरू द्यायचा न्हाई. हितं खाऊ देत नसाल तर घरी घिऊन जातो."

कोंडूला अजून भूक नव्हती, तो तापात होता. पण पाच-सहा दिवसांत त्याचाही ताप उतरणार होता आणि तोही भाकरी मागणार होता. डॉक्टर खंडाळ्याला व्हिजिटला गेलेले. या माणसाला मी बाहेर काढलं तर तो पोराला पाठीवर घेऊन चालता होईल, आणि पोर त्याचं आहे, त्याला कोण अडवणार? राहू दिलं तर अठरा खाटा सोडून त्याच्या फडक्यावर डोळ्यात तेल घालून कोण बसणार? देऊ नको म्हणून माझं आधीच शंभरदा सांगून झालं होतं. सांगायची एकच गोष्ट उरली होती.

त्याला मी व्हरांड्याच्या कडेला नेलं.

"सावळा, हौशीराम भुकेने नाही गेला," मी म्हटलं. "तुझ्या भाकरीने गेला."

मी त्याला आतड्याचं सगळं सांगितलं. कुठे पातळ होतं, कसं फुटतं, पोट कडक का झालं होतं, सगळं. "कदाचित" हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. मुद्दाम गिळला, हे मला चांगलं ठाऊक आहे. या माणसाच्या हातात मी "कदाचित" ठेवलं असतं, तर तो तेवढंच घेऊन आत गेला असता आणि कोंडूला भाकरी भरवली असती.

"चतकोरच व्हती," तो म्हणाला.

"चतकोर पुरते."

"हौशानं सांगितलं तुमाला?"

"हो."

"काय म्हनला?"

"तुला सांगू नका म्हणाला."

हे तरी मी कशाला सांगितलं, देव जाणे. तो खाली बसला. रडला नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. फडकं मांडीवर ठेवून बसला तो बसलाच. मला वाटलं, आता काहीतरी होईल आपल्याला. काहीच झालं नाही. मी आत जाऊन दुधाचं पाणी गाळलं. त्या दिवशी लोक माझ्याशी बोलत होते ते सगळं लांबून ऐकू येत होतं. झुंबरबाईने दोनदा विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरं नसायला काय झालंय? मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

डॉक्टर परत आल्यावर मी त्यांना सांगितलं.

"भाकरीनेच, असं म्हणालात?"

"हो."

"कदाचित नाही म्हणालात?"

"नाही."

त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. मग "बरं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. शाबास नाही, चूकही नाही. दोन्हींपैकी काही म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

मग कोंडूचा ताप उतरला आणि ओरडणं सुरू झालं. "बा! भाकर दे! बा रं!" सकाळी, दुपारी, सारखं. सावळा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेला असायचा, मध्ये फक्त एक भिंत. एकदाही आत आला नाही. वॉर्डातले आजारी कंटाळले, एकाने मला शिव्या घातल्या. झुंबरबाईच्या डोळ्यांना धार लागायची. ती जाऊन सावळाला म्हणाली, "आरं बाबा, जा की चार दिस वाडीवर. हितं बसून कशाला काळीज जाळून घेतोस?"

"म्या गेलो तर दुसरं कुनीतरी दील," तो म्हणाला.

आणि खरंच, तो राखणच करत होता. वाडीची माणसं भेटायला आली की आधी त्यांची फडकी बघायचा. एकदा दुसऱ्याच कुठल्या आजाऱ्याची आई भाकरी घेऊन आत निघाली, तर याने उठून तिचा हात धरला. ती बोंबलली, मला बाहेर यावं लागलं. का धरला, ते त्याने तिला सांगितलं नाही.

कोंडू वाचला. डॉक्टरांनी एक दिवस त्याला तांदळाची पेज द्यायला सांगितली. वाटी घेऊन मी व्हरांड्यात गेले आणि म्हटलं, "सावळा, चल, तुझ्या हातानं भरव." तो उठला, दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"तुमीच चारा, बाई," तो म्हणाला.

मग मीच भरवली. कोंडू अधाशासारखा प्यायला आणि दाराकडे एकदाही बघितलं नाही. मला तेव्हा उमगलं नाही.

घरी जायच्या दिवशी उमगलं. सावळा त्याला पाठीवर घ्यायला वाकला, तर पोरगं मागे सरकलं.

"चल की रं," सावळा म्हणाला.

"दादाला दिलीस," कोंडू म्हणाला. पोराची नुसती हाडं राहिली होती, पण आवाज खणखणीत. "म्या बगितलंय. दादाला भाकर दिलीस. म्या इतका वरडलो, तर मला न्हाई दिलीस. तुला दादाच पायजे व्हता."

मी म्हटलं, "अरे कोंडू, तसं नाही रे..."

"ऱ्हाऊ द्या, बाई," सावळा म्हणाला. "तसंच वाटू द्या त्येला. जित्ता हाय न्हवं?"

त्याने पोराला उचलून पाठीवर घातलं. पोरगं पाठीवर राहिलं, पण गळ्यात हात टाकेना. मी त्यांच्यामागे पायऱ्यांपर्यंत गेले. तोवर दमलेल्या पोराचा पाठीवरच डोळा लागला होता. आता कोंडूला धोका नव्हता. आता मला ते गिळलेलं "कदाचित" परत देता येत होतं, आणि ते मला माझ्याजवळ ठेववत नव्हतं. मी सावळाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की डॉक्टर म्हणतात, हौशीराम भाकरीनेच गेला असं नक्की नाही. भाकरी दिली नसती तरी आतडं फुटलं असतं, कदाचित. तेव्हा कोंडूसाठी मला पक्कं बोलावं लागलं.

मला वाटलं होतं, तो चिडेल. निदान रडेल. त्याने पाठीवरचं पोर जरा वर सरकवलं.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "आता ती भाकरच ऱ्हाऊ द्या. न्हाईतर ह्येचं वरडनं म्या कशापायी ऐकलं?"

मी बरं म्हटलं. तो तुंगार्लीच्या चढाला लागला आणि मी आत आले. दुपारचे ताप बघायचे होते.