सावकाश, बाई

नोरा लिंडस्ट्रॉमच्या सातवीच्या वर्गात आता टाचणी पडली तरी ऐकू येई, आणि या शांततेचा तिला कोण अभिमान! ऑगस्टमध्ये ती मिनेसोटाहून मेम्फिसच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या या शाळेत आली, तेव्हा हाच वर्ग म्हणजे मासळीबाजार होता. ती फळ्यावर अपूर्णांक मांडायची आणि मागून आवाज यायचे, "हं, सांगा!" "बरोबर!" "चला पुढे!" सगळ्यांत खडा आवाज डेझरे टॉलिव्हरचा. पोरगी आपली टिंगल करते, असं नोराने धरलं आणि तिला वर्गाबाहेर उभं करायला सुरुवात केली. होता होता डेझरे गप्प झाली, आणि तिच्यामागून वर्गही.

मग चाचणी झाली आणि निम्मा वर्ग आपटला. मुख्याध्यापकांनी बोलावून सरळच विचारलं, "या मुलांना शिकवायला जमेल तुम्हाला? वर्ग दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर सोमवारी सांगा." नोराच्या तोंडून 'हो' निघेना.

तिचा पडलेला चेहरा शेजारच्या वर्गाच्या व्हर्लिन गेदर्सबाईंनी हेरला. या बाईंचा वर्ग कायम गर्जत असे, आणि त्यांची मुलं गणितात कुणाला हार जात नसत.

"माझी मुलं तर किती शांत बसतात," नोरा रडवेली होऊन म्हणाली.

"तेच तर! आमच्या गल्लीत शांत फक्त मेलेला माणूस असतो. रविवारी माझ्याबरोबर चर्चला ये. नंतर माझ्याकडे जेव. अगं, इतकी वाळलीस की फळ्यावरची रेघ कुठली आणि तू कुठली, तेच कळत नाही हल्ली."

नोराच्या गावच्या चर्चमध्ये लोक खोकलासुद्धा गिळून टाकत. इथे पास्टर एक वाक्य बोलत आणि अख्खं सभागृह त्यांना ओ देई. "हं, सांगा!" "बरोबर!" दुसऱ्या रांगेत पिवळ्या फ्रॉकमध्ये सगळ्यांवर कडी करत होती ती डेझरे. नोराचे कान तापले.

मग एक तरुण उपदेशक उभा राहिला. आईच्या आठवणीपाशी त्याला शब्द फुटेना. कुणी नजर चोरली नाही. एक म्हातारी म्हणाली, "सावकाश, बाळा, सावकाश." चहूकडून तेच येऊ लागलं. त्याने डोळे पुसले आणि असा बोलला की नोराच्याही अंगावर काटा आला.

"कळलं?" गेदर्सबाई पंख्याने वारा घेत म्हणाल्या. "बोलणाऱ्याला आम्ही एकटं सोडत नाही. पोरं तुला हात देत होती, पोरी. तू झटकलास."

सोमवारी नोराने खडू खाली ठेवला. "डेझरे, तू मला साथ देत होतीस आणि मी तुला बाहेर काढलं. माझं चुकलं. सगळ्यांसमोर काढलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

डेझरे खिडकीबाहेर बघत राहिली. बाकीचेही हूं की चूं करेनात.

नोरा खडू उचलून फळ्याकडे वळली. "पाऊण भाकरी आहे, मक्याची. तिच्यात अर्ध्या भाकऱ्या किती बसतील?" इतके दिवस मिरवलेली ती शांतता आता तिला खायला उठली. तिने पुन्हा सुरुवात केली, आणि आवाज मध्येच फुटला. खडू हातात मोडला. जावं का निघून?

"सावकाश, बाई."

डेझरे अजून खिडकीकडेच बघत होती. "सावकाश," ती पुन्हा म्हणाली.

"आम्हाला कुठं गाडी पकडायचीय!" मागून कुणीतरी बोललं.

नोराने बाहीने डोळे पुसले. "अर्धी एकदा काढली. उरली किती?"

"पाव!"

"आणि पाव म्हणजे अर्धीची?"

"निम्मी!"

"मग एकूण?"

"दीड!" खिडक्या हादरल्या. डेझरेचा आवाज सगळ्यांच्या वर होता. काय पोरं ही! एवढं सोसूनही मनात अढी नाही.

गलका ऐकून मुख्याध्यापक धावत आले. "काय चाललंय? आवरेनासा झालाय का वर्ग?"

नोरा त्यांच्याकडे वळली. "सर, तुम्ही विचारलं होतं ना, मला जमेल का?"

"हं, सांगा!" मागून डेझरे म्हणाली.

"हा वर्ग मी कुणाला देणार नाही."

"बरोबर!" वर्गाने ओ दिली.