साखळीला चालतं, इंजिनाला नाही

बोलतोय तो मी. इकडे खाली बघा, पेरूच्या बुंध्याशी, फुटक्या घमेल्याच्या बाजूला. पत्र्याचा तेलडबा. बूड दाबलं की लांब चोचीतून थेंब थेंब तेल टाकणारा. शाळा मी बघितली नाही आणि गोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या ठोक्याखाली झाला. त्याने मला ठोकलं, कथलाचा डाग दिला, चोच बसवली आणि बाजारात दोरीला टांगलं. तिथून मला केसरीनाथने उचललं. दुकानातच बूड दाबून बघितलं, टक्‌ टक्‌ केलं आणि म्हणाला, "ह्यो बरा हाय. जास्त बोलत न्हाय." तेव्हा मी खरंच जास्त बोलत नव्हतो. आता बोलतोय, कारण आता बोलण्यावाचून दुसरं काम उरलेलं नाही.

केसरीनाथ भिवंडीतल्या कामतघरचा आगरी माणूस. बाप खाडीत जाळं टाकायचा आणि भात लावायचा. ह्याने घरामागे पत्र्याची शेड टाकून कापड विणायचे चार लूम बसवले. लूमचा आवाज तुम्हाला माहीत असेल. नसेल तर सांगूनही कळणार नाही. त्या खडखडाटात माणसं हातांनी बोलतात. केसरीनाथला मात्र कुठला लूम कुठे कोरडा पडलाय ते कानाने कळायचं. मला घेऊन यायचा, दोन थेंब टाकायचा, आणि लूम सुतासारखा सरळ.

आमच्याकडे एक शिस्त होती. काम झालं की मला फळीवर ठेवायचं ते चोच भिंतीकडे करून. कापड असतं पांढरं. एक थेंब पडला की अख्खा तागा डागी. येणाऱ्याजाणाऱ्याची बाही चोचीला लागायला नको, म्हणून तोंड भिंतीकडे. एका कारागिराने एकदा चोच बाहेर काढून मला ठेवलं. केसरीनाथ म्हणाला, "तुजी सासू हाय का ती, तोंड बघत बसायला?" पुन्हा कोणाची हिंमत झाली नाही.

दुसरी शिस्त शुक्रवारची. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. तो तेलपाण्याचा दिवस. बाकी जग रविवारी नखं कापतं, केसरीनाथ शुक्रवारी लूम पुसायचा.

पुढे लूम गेले. आजूबाजूच्या सगळ्यांचेच जायला लागले होते. मानकोलीच्या बाजूला ह्यांची शेती होती, तिथे गोदाम उभं राहिलं. आलेल्या पैशात घर पक्कं झालं, पोराचं लग्न झालं. लूम भंगारवाल्याने हातोड्याने फोडून नेले. शेड रिकामी झाली. राहिलो मी आणि लूमच्या तेलाचं अर्धं पिंप. केसरीनाथ रिकाम्या शेडमध्ये खाट टाकून बसायचा. जानकीबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "आवं, तित काय बसलाव? भुताला राखन बसल्यासारकं."  शुक्रवार आला की तो उठून मलाच फडक्याने पुसायचा.

आणि मग ती आली. नवी मोटारसायकल. काळी, अंगावर लाल पट्टा, तोंडाला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मला ती पहिल्या दिवशी अजिबात आवडली नाही. खरं तेच सांगतो. अख्खी आळी तिला बघायला आली. एकजण आरशात केस विंचरतोय, एकजण हॉर्न वाजवतोय, एक बाई सीटवर हात फिरवून म्हणतेय, "गुबगुबीत हाय गं." सीटवरचा प्लास्टिकचा कागद तर महिनोन्‌महिने काढला नाही कोणी. बसले की घामाने चिकटायचे, उठले की चर्रर्र आवाज यायचा, पण कागद काढतील तर शपथ. माणसाला नवेपणा वापरायचा नसतो, दाखवायचा असतो.

गाडी घेतली ती प्रितेशसाठी. प्रितेश हा एकुलता एक पोरगा. लग्न होऊन वर्ष होत आलेलं, कामाचा ठिकाणा नाही. पण गाडी सांभाळायला लागला केसरीनाथ. गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं की सुरुवातीला चाळीसच्या वर पळवू नका, इंजिन अंग धरू दे. ते प्रितेशने ह्या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. केसरीनाथने गाठीला बांधलं. "नवीन व्हडी पयल्या दिसाला भरून न्हेत न्हाईत," तो पोराला म्हणाला. "लाकूड पानी पितं, फुगतं, मंग फटी मिटतात. ह्या इंजनाचं तसंच हाय."

"बाबा, ही होडी न्हाय. एकशेपंचवीसची गाडी हाय," प्रितेश म्हणाला.

"मंग बुडनार न्हाय असं लिवून दिलंय का?"

शुक्रवारी गाडी शेडमध्ये यायची. बादलीभर पाणी, जुन्या लुंगीचं फडकं. इंजिन गरम असताना पाणी मारायचं नाही, आधी गार होऊ द्यायचं. चाकाच्या तारा एकेक करून पुसायच्या. प्लग काढायचा, काजळी खरवडायची, पुन्हा बसवायचा. साखळी बोटाने वरखाली करून बघायची, सैल की ताठ. आणि मग माझा नंबर. मागचं चाक हळूहळू फिरवत साखळीच्या एकेका कडीवर एकेक थेंब. टक्‌. टक्‌. टक्‌.

त्या टकटकीत माझं आणि त्या काळीचं जुळलं. ती नवी, मी जुनाट. पण कोरड्या लोखंडाला तेल पोचलं की जो आवाज बंद होतो, तो आम्हाला दोघांना कळतो. केसरीनाथच्या तोंडावर पुन्हा रया आली. शेडमध्ये त्याला पुन्हा यंत्र मिळालं होतं. जानकीबाई म्हणाली, "मना कदी येवढा निरकून बगलाव न्हाईत." तो म्हणाला, "तुजी साखली सैल झाली न्हाय कदी."

एका शुक्रवारी प्रितेश बाजूला उभा होता. पिंपाकडे बोट करून म्हणाला, "बाबा, येवढं तेल पडलंय. इंजनातबी ह्येच घालूया की. दुकानातलं कशाला पायजे?"

केसरीनाथने माझ्या चोचीतून एक थेंब त्याच्या तळहातावर टाकला. "चोळ. पान्यासारकं पातल हाय ना? ह्ये लूमचं. साखलीला चालतं. इंजनाला न्हाय. तापलं का उडून जाईल, आनि आतलं लोखंड लोखंडाला खाईल. ध्यानात ठेव."

प्रितेशने हात पँटीला पुसला. ध्यानात ठेवलं होतं त्याने. म्हणूनच मला राग येतो. माहीत नसलेला माणूस चुकला तर मी तोंड उघडलं नसतं.

तो दिवसही शुक्रवारचाच. प्रितेशचा सासरा राघो, शेलार गावचा. त्याचे दोन टेम्पो मानकोलीच्या गोदामांवर चालायचे. त्यातला एक जावयाच्या हाती द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. घरात दुसरी बोलणीच नव्हती. जानकीबाईने तर देवीला नारळ बोलला होता. पोरगा मार्गी लागतो का, एवढाच घोर त्या घराला होता.

सकाळी केसरीनाथने इंजिनाचं जुनं तेल काढलं. खाली परात ठेवली, बोल्ट काढला, थेंब न थेंब निथळू दिलं. बोल्ट घट्ट बसवून नवीन तेल आणायला निघाला. जाताना प्रितेशला म्हणाला, "आत तेलाचा टिपूस न्हाय. किकला पाय लावू नको. मी आलोच." पण शुक्रवार होता. दुपारच्या नमाजाला दुकानं बंद. एवढी वर्षं भिवंडीत काढून गडी हे विसरला, कारण इतकी वर्षं शुक्रवारी त्याला लागणारं तेल घरच्या पिंपातच असायचं. बसला असेल शटरसमोर.

इकडे प्रितेशचा फोन वाजला. राघोने मानकोलीला बोलावलं होतं, लगेच. प्रितेश म्हणाला, "धा मिन्टात पोचतो, दादा." आणि शेडमध्ये आला. घरात कोणी नव्हतं. जानकीबाई सुनेला, दीपालीला, घेऊन हळदीला गेली होती. त्याने गाडीकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं, मग मला उचललं. चोच फिरवून काढली. मला पिंपात बुडवून भरलं, इंजिनात ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. "जाऊन याचंच तर हाय," असं स्वतःशीच पुटपुटला. चोच बसवली, मला फळीवर आपटलं आणि गेला.

चोच बाहेर करून ठेवलं होतं मला.

केसरीनाथ आला तो पिशवीत तेलाचा सीलबंद डबा घेऊन. गाडी नाही. पिंपाचं झाकण उघडं. फळीवर मी, तोंड बाहेर काढलेला. तो उभ्या उभ्या माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे तसं त्याने कधी बघितलं नव्हतं.

थोड्या वेळाने राघोचा टेम्पो दारात आला. मागे ती काळी, आडवी, दोरीने बांधलेली. प्रितेश खाली मान घालून. वाटेत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला राघोने टेम्पोत घेतलं होतं. मानकोलीच्या पुलावर गाडी जाम झाली, चाकच फिरेना, असं राघो म्हणाला. पळवली असणार, चाळीस कुठले अन् काय कुठले. मिस्त्रीने इंजिनाचं झाकण फिरवलं, बोट घातलं, वास घेतला.

"चाचा, ये तो लूम का तेल है. किसने डाला?"

 राघो जाडजूड, स्पष्ट बोलणारा माणूस. जावयाकडे वळला. "कोनी घातलं रं? ज्याला यंत्राची दया न्हाय, त्याच्या हाती मी टेम्पो देनार न्हाय. आदीच सांगतो."

मी वाट बघत होतो. पोरगा आता बोलेल. आता बोलेल. पोरगा चपलेच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला.

केसरीनाथने हातातली पिशवी हळूच मागे नेली आणि पिंपाच्या आड ठेवली. मी बघितलं. मी एकट्यानेच बघितलं.

"मीच घातलं," तो म्हणाला. "वय झालं, इवाय. दोन्ही तेलं येक वाटली. ह्या डब्यानं घातलं."

ह्या डब्यानं. माझ्याकडे बोट करून.

सगळी हयात त्या माणसाच्या अंगठ्याखाली गेली माझी. कधी एक थेंब वाकडा पडू दिला नाही मी. आणि पोरावरचं पाप काढायला त्याने ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं, ते घ्यायचं तर घ्यावं, बाप आहे. पण अर्धं माझ्या नावावर का लावलं? मला पोर नाही, बाळ नाही, टेम्पो नको की सासरा नको. माझ्याजवळ होतं ते एक नाव.

राघोचा आवाज खाली आला. व्याह्याला माणूस किती बोलणार? "पोराचा दोस न्हाय मंग," तो म्हणाला. "पन तो डबा टाका पयला भायेर, इवाय. परत चुकाल."

केसरीनाथने मला उचललं. अंगठा जुन्या जागी बरोबर बसला. दारात आला आणि मला ह्या पेरूखाली टाकून दिलं. बूड चेपलं. तेव्हापासून टक्‌ होत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण प्रितेशला आता तोंड फुटलं. सासऱ्यासमोर म्हणाला, "बाबा, हितून पुडं गाडीला हात नका लावू तुमी."

केसरीनाथ "बरं" म्हणाला. बस, एवढंच.

संध्याकाळी जानकीबाई हळदीहून आली, तिला राघोकडून आधीच सगळं कळलं होतं. ती ओट्यावर बसून खूप वेळ बोलत होती. "लूम इतकी वरसं सांबाललेत आनि तेल वलकलं न्हाय? नाक गेलं का तुमचं?" तो म्हणाला, "गेलं." मग पोरगा जवळ आला. "बाबा," म्हणाला. केसरीनाथने त्याच्याकडे बघितलंही नाही. "जेव जा," म्हणाला. "सकाली टेम्पोवं जायाचं हाय ना?"

गाडी दुरुस्त झाली. आता ती कंपनीवाल्यांकडे जाते, पोराला वेळ मिळेल तेव्हा. म्हणजे जात नाही. प्रितेश सकाळी तिच्यावरून मानकोलीला जातो, टेम्पो चालवतो, परत येतो. शुक्रवारी केसरीनाथ रिकाम्या शेडमध्ये खाटेवर बसतो. गाडी समोरच उभी असते, चिखलाने माखलेली. सीटवरचा प्लास्टिकचा कागद फाटून लोंबतोय. हात गुडघ्यावर ठेवून बसतो तो. अंगठा आपोआप हलतो त्याचा, काही नसताना. पिंपामागे ती पिशवी अजून तशीच आहे, सील न फोडलेली. काढत नाही आणि टाकतही नाही.

साखळी कोरडी पडलीय. सकाळी गाडी फाटकातून निघते तेव्हा ती करकरते. प्रितेशला ऐकू येत नाही. केसरीनाथला येतं. मला येतं.

परवा तो पेरूखाली आला होता. मला वाटलं, उचलतो की काय. वाकला, चेपलेल्या बुडावरून बोट फिरवलं. मग मला थोडंसं वळवलं, चोच कुंपणाच्या भिंतीकडे केली, आणि गेला. 

तेवढ्याने माझा राग गेला असं समजू नका. चोर ठरवलेल्याचं तोंड भिंतीकडे केलं म्हणून तो साव ठरत नाही. पण त्याला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे की त्याला ठाऊक आहे.

भंगारवाल्याची हाक आळीत ऐकू येतेय. बहुतेक आज माझा नंबर. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या दारात गाडी असेल तर तिच्या साखळीला तेल द्या. लूमचं असलं तरी चालतं. साखळीला चालतं, इंजिनाला नाही. हे केसरीनाथला चांगलं ठाऊक होतं आणि त्याच्या डब्यालाही ठाऊक होतं. कामतघरला कधी आलात आणि विषय निघाला, तर एवढं खरं कोणाला तरी सांगा.